कोणालाही, कशासाठीही

श्यामलालच्या वाढदिवसाचं बॅनर लाखनीच्या उड्डाणपुलाजवळ लागलं, त्या सकाळी नत्थू पेंटर दूध आणायला निघाला होता. दूध राहिलं बाजूला. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि मागून नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकनं हॉर्न वाजवून जीव खाल्ला तरी हलला नाही.

बॅनरवर हात जोडलेला श्यामलाल होता. काळा चष्मा लावलेला श्यामलाल होता. मोबाइल कानाला लावून कुणाचं तरी भलं करत असलेला श्यामलालही होता. खाली टिकल्यांएवढ्या चेहऱ्यांचे शुभेच्छुक दाटीवाटीनं बसवले होते. त्यातलं नत्थूला काहीच टोचलं नाही. बॅनरं काय, रोजच लागतात. कुत्र्याचा वाढदिवस तेवढा राहिला आहे. टोचलं ते मधलं मोठं नाव. त्या 'श'ची गाठ, 'ल'चा खाली जाऊन पुन्हा उचललेला पाय, शिरोरेघ संपताना ब्रश उचलला की राहतं ते किंचित फुगीर टोक, हे सगळं त्याचं होतं. साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत दुसऱ्या कुणाचं असं अक्षर नव्हतं. नत्थू पेंटरच्या हातानं श्यामलालचं नाव लिहिलं होतं आणि ते नत्थूनं लिहिलेलं नव्हतं.

आता हे नाव त्याच्या हातून का निघत नव्हतं, ते सांगायला हवं. नत्थूचा धाकटा भाऊ परसराम श्यामलालचा टिप्पर चालवायचा. वैनगंगेची रेती भरून आणायची, बस. एके दिवशी टिप्पर नदीच्या उतारावर उलटला आणि परसराम त्याखाली गेला. पोलिस आले तेव्हा श्यामलालनं गळ्यातला गमछा नीट केला आणि सांगितलं, "हा मानूस माह्याकडं नव्हताच. मी वळखत नाही. गाडी चोरून नेत असन." झालं. परसराम मेला तोही चोर म्हणून मेला. कागदोपत्री अजून तसाच आहे.

नत्थूजवळ वकील नव्हता, पुढारी नव्हता. ब्रश होता. तो भर चौकात म्हणाला की या माणसाचं नाव माझ्या ब्रशातून निघणार नाही. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्या काळी लाखनीत दुकान उघडलं आणि पाटी नत्थूची नसली, तर लोक विचारायचे, काहून बा, पेंटर नाही म्हटला का? श्यामलालनं सिमेंटचं दुकान काढलं तेव्हा नत्थूकडे माणूस पाठवला. नत्थूनं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरव्या रंगाचा डबा ओतला. श्यामलालला भंडाऱ्याहून पेंटर आणावा लागला आणि त्या पेंटरनं 'सिमेंट'मधली मात्रा वाकडी काढली. ती पाटी दिसली की नत्थूला जेवण गोड लागायचं. माणसाला सूड घ्यायला एवढी जागा मिळाली तरी पुष्कळ असते.

नत्थू तसाच देवानंदच्या दुकानात शिरला. देवानंद म्हणजे लाखनीतला फ्लेक्सवाला. याच्या मशीननं नत्थूचा धंदा खाल्ला होता, म्हणून दोघांत तसाही फारसा लोभ नव्हता. शेजारच्या पानठेल्यावर नेहमीची चार रिकामी डोकी होती, तीही तमाशा दिसला म्हणून सरकत दारात आली.

"हे अक्षर तुले कोनं देल्लं बे?"

"इंटरनेटनं," देवानंद म्हणाला. "फॉन्ट हाये ना जी तो. नाव बी 'नत्थू'च हाये त्याचं. तुमच्याच भुपेंद्रनं टाकला. सर्वायले फुकट."

"फुकट असला म्हनून कोनाच्याबी नावाले लावशीन?"

"मंग? तेच तं लिवलं हाये त्याच्या लायसन्समंदी. कोणालाही, कशासाठीही. मी काय चोरी केली का?"

चोरी म्हटल्याबरोबर पानठेल्याला विषय मिळाला. एक जण म्हणाला, कॉम्प्युटरातलं सारं फुकटच असते, माह्या पोट्ट्यानं आख्खं विंडोज फुकटात टाकलं. दुसरा म्हणाला, ते फुकट नव्हे, चोरीचं होय. पहिला चिडला. "चोरी कायची? ज्याच्या घरून आनलं त्याच्या घरी तं ते तसंच हाये. गाय नेली का दावं रिकामं होते. हे नेलं तं काय रिकामं झालं?"

"असं म्हंतेस? मंग श्यामलालभाऊ रेती नेते तवा नदी तं तिथंच हाये. ते बी चोरी नाही म्हन!"

सगळे फिदीफिदी हसले. मग त्यांना नत्थूचं तोंड दिसलं आणि ज्यानं त्यानं आपापल्या तंबाखूच्या पुडीत बोट घातलं.

"ते नाव काढ तिथून," नत्थू म्हणाला.

"कायले काढू? भाऊनं सांगितलं होतं का अक्षर हेच पाह्यजे. तुमचंच पाह्यजे म्हने." देवानंदनं जरा थांबून, मजा घेत पुढचं सांगितलं. "काल इथंच बॅनर पाहून गेले. म्हने, शेवटी लिवलंच ना नत्थूनं."

नत्थू घरी आला तो धुमसतच. कुंताबाईनं, त्याच्या बायकोनं, रिकामी बरणी पाहिली आणि काही न विचारता काळा चहा ठेवला. त्याचा मुलगा भुपेंद्र भंडाऱ्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा, सकाळच्या बससाठी तयार होत होता. पोरगा हुशार, सरळ, आणि जगाचं भलं व्हावं असं मनापासून वाटणारा. अशा पोरांचा बापाला जेवढा ताप होतो तेवढा उनाड पोरांचा होत नाही.

फॉन्ट त्यानं केला होता तो बापाच्या मायेनं, हे नत्थूलाही ठाऊक होतं. फ्लेक्स आलं, भिंतींवर चुना फिरला, नत्थूच्या पाट्या एकेक करून भंगारात गेल्या. तेव्हा भुपेंद्र मोबाइल घेऊन गावोगाव हिंडला. मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे जुने फलक, पिठाच्या गिरण्या, शाळांच्या भिंती, दिसेल त्या अक्षराचे फोटो काढले. त्यातून त्यानं बाराखडी जुळवली, जोडाक्षरं बापाला पुन्हा पुन्हा काढायला लावली आणि एक दिवस कॉम्प्युटरवर बटण दाबलं तर नत्थूचं अक्षर उमटलं. पुण्याच्या कुणी त्यात पुस्तकाचं मुखपृष्ठ केलं. ते नत्थूनं मोबाइलवर अख्ख्या लाखनीला दाखवलं होतं, देवानंदलासुद्धा.

"वापस घे ते," आता तो म्हणाला.

भुपेंद्रला सगळं ऐकून घ्यायला वेळ लागला नाही. "घेता येत नाही, बाबा. एकदा देल्लं ते देल्लं."

"काहून येत नाही? लायसन्स हाये म्हंतेस ना? दारूच्या दुकानाचं लायसन्स रद्द होते, ड्रायव्हरचं होते, बंदुकीचं होते. तुह्यंच कोन्तं लायसन्स हाये जे रद्द होत नाही?"

"हे उलटं असते. हे देनाऱ्याले बांधते, घेनाऱ्याले नाही."

"कोन्या बयताडानं काढलं असं लायसन्स?"

"लय शायन्या लोकायनं काढलं. तुमच्या मोबाइलच्या आतमंदी बी अशाच लायसन्सचं सामान हाये. एकानं केलं, सर्वायनं वापरलं, म्हनून तं आपल्यासारख्याले शिकता आलं. मी काय पैसे भरून शिकलो का?"

"बरं. मंग त्याच्यात एक ओळ लिव. त्या रेतीचोराले सोडून सर्वायले."

"तसं नाही लिवता येत, बाबा." भुपेंद्रनं बॅग खाली ठेवली. "एकाले सोडलं का मंग ते खुलं राह्यत नाही. आज तुमी एकाले सोडसान. उद्या दुसरा कोनी लिवन, झाडीपट्टीतल्या लोकायले सोडून. परवा कोनी लिवन, बायायले सोडून. म्हनून सर्वायले म्हंजे सर्वायले."

"मले दुनियेचं कायले सांगून राहिला?" नत्थू ओरडला. "म्या दुनियेले नाही म्हटलं होतं का? आख्ख्या दुनियेत एका मानसाले नाही म्हटलं होतं. एका! तेवढंबी तू ठेवलं नाही माह्याजवळ."

भुपेंद्र खाली ठेवलेल्या बॅगेजवळच उभा राहिला. त्याची बस गेली.

मग घरात अबोला सुरू झाला. नत्थू पोराशी बोलेना, पोरगा घरी असला तरी जेवेना. कुंताबाई मधल्या मधे भांडी आपटायची. बॅनर वाऱ्यानं फडफडायचं आणि नत्थू पुलाकडचा रस्ता सोडून मागच्या गल्लीतून जायचा, आपल्याच गावात चोरासारखा. तेवढ्यात मंडई जवळ आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाव्हणे येतात, रात्रभर नाटकं होतात, आणि ज्याला पुढारी व्हायचं असतं त्याचं बॅनर दर मंडईत लागतं. श्यामलालला पुढारी व्हायचं होतं. देवानंदकडे त्याच्या बॅनरांची मोठी ऑर्डर होती, अक्षर तेच.

ते कळलं तेव्हा नत्थू आपणहून पोराजवळ जाऊन बसला.

"तुले परसरामनं खांद्यावर बसवून मंडई दाखवली," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "तुह्यासाठी पिपानी घ्यायचा. त्या मंडईत, गावोगाव, तेले चोर म्हननाऱ्याचं नाव लागनार. माह्या हातानं. अन् तू म्हंतेस, लायसन्स हाये."

एवढं बोलून तो रडला. भुपेंद्रनं बापाला रडताना पाहिलं नव्हतं. काकाला आणलं तेव्हाही नाही.

फॉन्टमध्ये एक करता येतं. 'त'ला 'र' जोडला की 'त्र' काढ, असे नियम त्यात लिहिलेले असतात. तसाच आणखी एक नियम लिहायचा: श्यामलाल, ही अक्षरं या क्रमानं आली की काहीच काढू नको. बाकी सगळे शब्द छान उमटतील. तेवढ्या जागी कोरं. भुपेंद्रनं हे बापाला सांगितलं आणि सांगतानाच त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"पन बाबा, हे लबाडीचं काम हाये. अन् दुसऱ्या कोन्या श्यामलालचं काय? झाडीत दर गावात एक असन."

"तेचं तो पाहीन," नत्थू म्हणाला.

नवा फॉन्ट इंटरनेटवर गेला. लोकांनी घ्यावा म्हणून भुपेंद्रनं त्यात सुरेख आकडे घातले आणि वर लिहिलं, सुधारित. नत्थू पुन्हा पुलाकडच्या रस्त्यानं जाऊ लागला. पानठेल्यावर थांबून पान खाऊ लागला. मंडईच्या मैदानात कोरी बॅनरं लागतील, खाली हात जोडलेला तो उभा असेल आणि अख्खी झाडी विचारेल, कोन बा हा? वळखत नाही. या विचारानं त्याला रात्री झोपेतही हसू यायचं.

बायाबाई आली ती सकाळी, ऑटोतून. काखेत फ्लेक्सची गुंडाळी होती. मागून मोटारसायकलवर देवानंद. ती तलावाकाठच्या एका गावची, मासेमारी करणाऱ्या घरातली. डोक्यावरचा पदर घट्ट, कपाळ कोरं.

"पेंटर कोन?" तिनं अंगणातूनच विचारलं.

"मी."

तिनं गुंडाळी त्याच्या पायाशी टाकली. ती आपोआप उलगडली. खांद्यावर जाळं घेतलेला एक म्हातारा त्यातून नत्थूकडे पाहत होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली जन्माचं साल, मृत्यूची तारीख, 'शोकाकुल समस्त परिवार'. मधे 'कै.' आणि त्याच्यापुढे हातभर कोरी जागा.

नत्थूला नाव विचारायची गरज पडली नाही. जगात एकच नाव त्या जागी कोरं उमटत होतं.

"माह्या दुकानाची गलती नाही," देवानंदनं आधीच सुरुवात केली. "डिझाइनच्या कॉम्प्युटरवर जुना फॉन्ट होता, तिथं नाव दिसत होतं. छपाईच्यावर तुमचा सुधारित टाकला होता. गडबडीत पाह्यलं नाही, गुंडाळून देल्लं. मंग समजलं का काय कलाकारी केली तुमी. म्या काढून फेकला तो, अन् जुनाच टाकला. भाऊचे सारे बॅनर बरोबर निघाले." शेवटचं वाक्य त्यानं नत्थूकडे बघून म्हटलं.

"तू थांब," बायाबाई त्याला म्हणाली. मग नत्थूकडे वळली. "तेरवीले आख्खी पंगत बसली होती. जावयानं हे बांधलं. मले वाचता येत नाही, मी पाह्यत बसली, किती मोठं अक्षर हाये म्हनून. तं माही जाऊ हासाले लागली. म्हने, तेरवी कोनाची हाये वो? नाव तं नाहीच. पोरं बी हासले. जेवनारे हासले. मानूस जनमभर तलावात गयाभर पान्यात उभा राह्यला, कोनं तेचं नाव इचारलं नाही. मेल्यावर एक दिवस मोठ्या अक्षरात पाहावं म्हटलं. तं तेबी पुसलं. कोनं पुसलं?"

"काकू, ते टेक्निकल..." भुपेंद्रनं तोंड उघडलं.

"म्या पुसलं," नत्थू म्हणाला. "माह्या सांगन्यावरून पोरानं पुसलं. मले दुसऱ्याचं पुसाचं होतं. एक मानूस हाये त्याच नावाचा. त्यानं माह्या भावाले मेल्यावर म्हटलं का मी वळखत नाही."

बायाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. दया वगैरे तिच्या तोंडावर काही नव्हती.

"मंग तेचं पुसलं गेलं का?"

"नाही."

"पुलाजवळ मोठ्ठं बॅनर हाये, येता येता ऑटोवाल्यानं वाचलं. तेचं तं हाये रोडभर. माह्याच मानसाचं गेलं." तिनं पदर खोचला. "तेनं तुमच्या भावाले केलं, तेच तुमी माह्या घरी केलं. मंग तुमच्यात अन् तेच्यात काय?"

भुपेंद्र घाईघाईनं म्हणाला की आत्ता नवीन छापून आणतो, तासाभरात, देवानंदभाऊच्याच मशीनवर.

"मशीनचं नाही पाह्यजे मले. मशीनवर इश्वास नाही राह्यला. हा पेंटर हाये ना? लिवू दे याले."

कुंताबाईनं मागच्या खोलीतून रंगाचा डबा आणला. दाराला लावून उरलेला काळा ऑइल पेंट होता, तो फ्लेक्सवर धरतो. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून मऊ करावा लागला. तोवर पानठेल्यावरची मंडळी कुंपणाला लागली होती. देवानंदनं मोबाइल वर धरला. नत्थूला ते दिसत होतं. संध्याकाळपर्यंत साऱ्या लाखनीत फिरेल आणि त्या सिमेंटच्या दुकानातही पोचेल, हेही त्याला कळत होतं. तो अंगणात गुडघ्यावर बसला.

'श' काढला. त्याला 'या' जोडला. तिथं ब्रश थांबला.

"लिवा ना. थांबले काहून?"

त्यानं 'म' काढला. 'ला' काढला. शेवटच्या 'ल'चा पाय खाली नेला आणि पुन्हा उचलला, आयुष्यभर उचलला तसाच. शिरोरेघ ओढली. मशीनच्या अक्षरापेक्षा ते जरा वाकडं आलं होतं, पण त्याचंच होतं. कुंपणाजवळ कुणीतरी म्हणालं, "लिवलं बा नत्थूनं श्यामलाल." कुणी हसलं नाही.

नत्थू उठायला लागला तशी बायाबाई म्हणाली, "थांबा. वाचून दाखवा."

"लिवलं हाये, बाई. बरोबर हाये."

"त्या दिवशी बी दुकानवाल्यानं बरोबर म्हनूनच देल्लं होतं. मले वाचता येत नाही, अन् नवऱ्याचं नाव माह्या तोंडानं मी घेत नाही. तुमीच घ्या."

परसराम गेल्यापासून हे नाव नत्थूच्या तोंडून कधी निघालं होतं, त्याला आठवेना. रेतीचोर म्हटलं होतं, तो म्हटलं होतं, शिव्या दिल्या होत्या. त्यानं फोटोतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"श्यामलाल," तो पुटपुटला.

"मांगच्यायले आयकू नाही गेलं."

नत्थूनं मान वर केली. समोर देवानंदचा मोबाइल होता, पानठेला होता, अख्खी गल्ली होती.

"श्यामलाल," तो ओरडून म्हणाला.